बार्न्सडेलची वाट : ‘गेस्ट’मधील स्थळनामांवर भाष्य

ज्या ग्रंथावर हे भाष्य आहे तो ‘अ गेस्ट ऑफ रॉबिन होड’. रॉबिन हूडविषयीच्या जुन्या इंग्रजी काव्यांत हे सर्वांत मोठे. आठ सर्ग, ४५६ कडवी, कर्ता अनाम. पाठ ठरवायचा तो १५०० नंतरच्या जुन्या छापील प्रतींवरून. त्यांपैकी एक अँटवर्पच्या यान व्हान डूसबोर्खची, दुसरी लंडनच्या विंकिन द वर्डची. शीर्षकातला ‘गेस्ट’ म्हणजे पराक्रमाची कथा, पाहुणा नव्हे.

तू हे काव्य कथेसाठी वाचले असशील. आता गावांसाठी वाच. वाचण्याआधी एक भेद मनात पक्का कर. यातली काही नावे मोठी आहेत : यॉर्क, लंडन, नॉटिंगहॅम. ती कोणत्याही गायकाच्या तोंडी सहज येतील. काही नावे मात्र इतकी लहान आहेत की दोन दिवसांच्या वाटेवर राहणाऱ्याला ती ठाऊक असण्याचे कारण नाही. स्थळनिश्चितीत वजन या लहान नावांना द्यायचे. मोठे नाव कथेची शोभा वाढवते म्हणून येऊ शकते. लहान नाव शोभा वाढवत नाही. ते आले याचा अर्थ कोणाला तरी ती जागा माहीत होती. तिसरी एक जात आहे : रॉबिन हूडची विहीर, रॉबिन हूडची शिळा, रॉबिन हूडचा उपसागर. ही नावे कथेच्या कीर्तीतून जन्मली. कीर्ती कुठवर पोचली होती एवढेच ती सांगतात. कथा कुठून निघाली हे त्यांना विचारू नये.

‘बार्न्सडेल’. काव्याच्या तिसऱ्याच कडव्यात रॉबिन बार्न्सडेलमध्ये झाडाला टेकून उभा आहे आणि शेजारी लिटल जॉन आहे, असे कवी सांगतो. बार्न्सडेल म्हणजे यॉर्कशरच्या दक्षिणेतला, डॉनकास्टर आणि पाँटिफ्रॅक्ट या दोन गावांमधला टापू. उत्तरेला वेंट नदी, दक्षिणेला स्केलब्रुक आणि हॅम्पोल ही खेडी. लांबी चार-पाच मैल. हे राजाचे राखीव अरण्य नव्हते. हा मुद्दा लहान वाटेल, पण सोडू नकोस. राखीव अरण्याला स्वतंत्र कायदा असे, स्वतंत्र वनरक्षक आणि न्यायसभा असत. शेरवुडला ते सर्व होते, बार्न्सडेलला नव्हते. मग वाटमाऱ्यांची कथा इथे का रुजावी? कारण इथून रस्ता जात होता. लंडनहून स्कॉटलंडकडे जाणारा उत्तरेचा महामार्ग या टापूच्या मधून जाई, आणि दोन्ही बाजूंना झाडी होती.

याला कथेबाहेरची साक्ष आहे. १३०६ मध्ये सेंट अँड्रूज आणि ग्लासगो इथले दोन बिशप आणि स्कोनचा मठाधिपती अशा तिघा स्कॉटिश कैद्यांना दक्षिणेकडे नेले गेले. वाटेत त्यांच्यासोबत कधी आठ, कधी बारा तिरंदाज असत. पाँटिफ्रॅक्ट ते टिकहिल या टप्प्यात मात्र ते वीस केले गेले. खर्चाच्या नोंदीत कारणही दिले आहे : बार्न्सडेल. म्हणजे हिशेब लिहिणाऱ्या कारकुनाला ते नाव लिहिले की जादा खर्चाचे कारण कळेल याची खात्री होती. पुढे काही खुलासा करावा असे त्याला वाटले नाही. रॉबिन तिथे होता असे यातून सिद्ध होत नाही. सिद्ध होते ते इतकेच की कवीने धोक्याची जागा म्हणून जी निवडली, ती राजाच्या अधिकाऱ्यांच्या लेखीही धोक्याचीच होती.

इथे पूर्वपक्ष असा : रटलंड परगण्यातही एक बार्न्सडेल आहे. ते नॉटिंगहॅमला अधिक जवळ पडते, आणि नॉटिंगहॅमचा शेरीफ तर कथेतला मुख्य शत्रू. मग तेच का घेऊ नये? आक्षेप गंभीर आहे. नाव तेच, आणि अंतराची पुढे येणारी मोठी अडचणही त्याने हलकी होते. पण एकटे नाव घेऊन निर्णय करायचा नसतो. शेजारची नावे काय म्हणतात ते पाहायचे. ती अठराव्या कडव्यात येतात.

‘सेलिस’. रॉबिन जॉनला सांगतो की मच आणि विल या साथीदारांना घेऊन सेलिसवर चढून जा, तिथून वॉटलिंग स्ट्रीटला जा, आणि कोणी अनोळखी पाहुणा मिळतो का पाहा. हे वचन माझ्या मते सर्व ग्रंथातले सर्वांत मौल्यवान. ‘चढून’ हे पद आधी बघ. म्हणजे सेलिस उंचावर आहे आणि टोळी खाली आहे. ‘तिथून’ याचा अर्थ सेलिस आणि रस्ता लागून आहेत, पण एक नाहीत. एक टेहळणीची जागा, दुसरी गाठण्याची.

ही जागा जोसेफ हंटर या अभ्यासकाने १८५२ मध्ये ओळखली. वेंटब्रिज खेड्याच्या पूर्वेला लागूनच ‘सेल्स प्लँटेशन’ नावाची झाडी आहे. खालच्या सपाटीपासून ती शंभरएक फूट उंच आहे आणि वेंट नदीचे खोरे तिच्या पायथ्याशी पसरले आहे. जुना महामार्ग खोऱ्यात उतरून पूल ओलांडत असे, आणि येणाराजाणारा वरून दिसे. आज महामार्ग खोऱ्यात उतरत नाही. १९६१ मध्ये बांधलेल्या काँक्रीटच्या उंच पुलावरून तो खोरे पार करतो. वर उभा राहून आजच्या वाहनांकडे बघणारा फसेल. त्याने जुनी वाट खाली, गावातल्या पुलाशी शोधावी.

नुसत्या नामसाम्यावर हंटर थांबला नाही, आणि तूही थांबू नकोस. मध्ययुगात सेल्स ही पाँटिफ्रॅक्टच्या जहागिरीतली एक छोटी जमीन होती. तिचे मोजमाप एका सरदारी जमिनीचा दहावा हिस्सा. तिसऱ्या एडवर्डच्या थोरल्या मुलाला सरदारकी देण्याच्या निमित्ताने १३४६ मध्ये जो कर गोळा झाला, त्यात या जमिनीची नोंद आहे. याचा अर्थ नाव जुने आहे, कथेवरून मागाहून ठेवलेले नाही. त्यात रॉबिनचा उल्लेखही नाही, म्हणून कथेच्या कीर्तीचा त्याला स्पर्श नाही. दहाव्या हिश्श्याची जमीन! ती लंडनच्या श्रोत्याला काय ठाऊक असणार? ही ओळ रचणारा, किंवा ज्याच्याकडून ती त्याच्यापर्यंत आली तो, वेंटब्रिजच्या चढावर उभा राहिला असला पाहिजे. रटलंडच्या बार्न्सडेलला उत्तर इथे मिळते. तिथे सेलिस नाही.

‘वॉटलिंग स्ट्रीट’. इथे अडचण आहे. या नावाचा प्रसिद्ध रोमन रस्ता केंटच्या किनाऱ्यावरून लंडनमार्गे वायव्येला रॉक्सिटरकडे जातो. यॉर्कशरच्या तो वाटेलाही जात नाही. मग कवी चुकला का? नाही. मध्ययुगाच्या उत्तरार्धात वॉटलिंग स्ट्रीट हे नाव इतर जुन्या रोमन रस्त्यांनाही लागे, आणि डॉनकास्टरच्या उत्तरेकडच्या मार्गालाही ते लागलेले दिसते. बाहेरच्या वाचकाला जी चूक वाटते ती तिथल्या माणसाची बोली आहे. म्हणून हे पद कवीच्या विरुद्ध जात नाही, त्याच्या बाजूने उभे राहते.

तरी एक प्रश्न उरतोच. बार्न्सडेल बार या ठिकाणी रस्त्याला दोन फाटे फुटतात. जुना रोमन मार्ग पाँटिफ्रॅक्ट आणि कॅसलफर्डकडे जातो. महामार्ग वेंटब्रिजकडे वळतो. यांतला कोणता? नावाच्या मूळ अर्थाने पाहिले तर पहिला. सेलिसच्या शेजाराने पाहिले तर दुसरा. मी दुसरा घेतो. कारण वचनात सेलिसवर जाऊन लगेच रस्ता गाठायचा आहे, आणि सेल्सच्या पायथ्याशी आहे तो वेंटब्रिजचा मार्ग.

पुढच्या दोन कडव्यांत ते तिघे वर चढतात, पूर्वेला पाहतात, पश्चिमेला पाहतात, कोणी दिसत नाही. मग बार्न्सडेलकडे पाहताना एका आडोशाच्या वाटेने एक सरदार घोड्यावरून येताना दिसतो. पूर्व-पश्चिम पाहण्यावर नकाशा बेतू नकोस. ती गायकांची ठरलेली लकब आहे. कुणीही पहारेकरी या काव्यांत असाच पाहतो. महामार्ग तर इथे साधारण दक्षिणोत्तर जातो. ठरलेल्या शब्दातून भूगोल काढणे हा या अभ्यासातला सर्वांत मोठा मोह आहे. ‘आडोशाची वाट’ मात्र तपासावी. एक अर्थ : मुख्य रस्ता सोडून आलेली गल्लीवाट. दुसरा : खोऱ्यात दडलेला मुख्य रस्ताच. मला पहिला अर्थ पटतो. तिघांची नजर रस्त्यावर होती आणि तिथे कोणी नव्हते; माणूस अनपेक्षित बाजूने आला. कथेला हवा तो धक्का याच अर्थात मिळतो.

‘ब्लाइथ किंवा डॉनकास्टर’. जॉन जेवायला बोलावतो तेव्हा सरदार सांगतो की आज माझे जेवण ब्लाइथला किंवा डॉनकास्टरला व्हायचे होते. वेंटब्रिजहून डॉनकास्टर दक्षिणेला दहाएक मैल. ब्लाइथ त्याच मार्गावर आणखी साधारण तेवढेच पुढे. दोन्ही एकाच दिशेला. क्रम बघ : आधी दूरचे, मग जवळचे. म्हणजे जमले तर ब्लाइथ, नाही तर निदान डॉनकास्टर. अंतर मनात धरून बोलणाऱ्या प्रवाशाचे हे वाक्य आहे.

आता यातला न बोललेला अर्थ. सरदार दक्षिणेला चालला आहे. पुढे कळते की त्याच्यावर यॉर्कच्या सेंट मेरी मठाचे चारशे पौंड कर्ज आहे, जमीन गहाण आहे, आणि मुदत अगदी संपत आली आहे. भरणा उद्याच करायचा आहे. पण यॉर्क तर उत्तरेला! मुदत उंबरठ्यावर असताना हा माणूस यॉर्ककडे पाठ करून का जातो? पुष्कळ जण याला कवीची गफलत म्हणतील. मी म्हणत नाही. रॉबिन त्याला विचारतो की जमीन गेली तर काय करशील. तो म्हणतो की समुद्रापलीकडे जाईन, ख्रिस्त जिथे जगला आणि मेला ती भूमी पाहीन. म्हणजे त्याने आशा सोडली आहे. यॉर्कला जाऊन उपयोग नाही हे त्याला कळले आहे. तो गाव, जमीन, पत सारे मागे टाकून दक्षिणेच्या बंदरांकडे निघाला आहे. त्याचा पाय रिकिबीत नीट नाही, टोपी डोळ्यांवर आली आहे, असे कवी आधीच सांगून गेला होता. त्या वर्णनाचे कारण दिशेत आहे. दोन गावांची नावे आणि नकाशा एवढ्यावरून माणसाचे मन वाचता येते. कवीने ते शब्दांत सांगितले नाही, कारण त्याच्या श्रोत्याला ते रस्ते पायाखालचे होते.

रॉबिनकडून कर्जाचे पैसे मिळाल्यावर सरदार यॉर्कला जातो तेव्हा सोबतच्यांना समुद्रापारहून आल्यासारखे साधे कपडे घालायला लावतो, हेही याच अर्थाला धरून आहे. यॉर्कच्या मठाविषयी फार बोलायला नको. तो खरा होता, बेनेडिक्टाइन पंथाचा होता, उत्तरेतला अतिशय श्रीमंत मठ होता, आणि त्याचे अवशेष शहरात उभे आहेत.

‘व्हेरिसडेल’. दुसऱ्या सर्गात सरदार कर्ज फेडून घरी जातो ते या गावी. छापील प्रतींत इथे पाठ डळमळीत आहे. त्या काळच्या छपाईत ‘यू’ आणि ‘व्ही’ या अक्षरांचा भेद पाळला जात नसे, आणि जुळारी अनोळखी नावाशी अडखळले की काहीही छापून जात. बहुतेक अभ्यासक इथे लँकेशरमधले वायर्सडेल वाचतात. या वाचनाला दोन आधार आहेत. सरदाराच्या मुलाने लँकेस्टरच्या एका सरदाराला मारले, तिथूनच कर्ज उद्भवले, असे पहिल्या सर्गात आले आहे. आणि पुढे सरदाराला सर रिचर्ड ‘ॲट द ली’ म्हटले आहे. वायर्सडेलमध्ये ली नावाची वस्ती आहे.

पण मग पाचवा सर्ग काय म्हणतो? नॉटिंगहॅमला तिरंदाजीच्या सामन्यानंतर शेरीफची माणसे रॉबिनच्या मागे लागतात. तो पळत असता रानात थोडे आत, रस्त्याकाठी, दुहेरी खंदकाचा किल्ला लागतो आणि तो याच सर रिचर्डचा निघतो. नॉटिंगहॅमजवळ! लँकेशरमध्ये घर आणि इथे किल्ला, असे दोन ठिकाणी असू शकत नाही का? श्रीमंताचे असू शकते. पण हा माणूस चारशे पौंडांसाठी सर्वस्व घालवायला निघाला होता. म्हणून मला वाटते की हे मुळात दोन कथांतले दोन सरदार, संकलकाने त्यांना एक केले आहे. शिवण इथे उघडी दिसते.

‘पुलापाशी कुस्ती’. सरदार रॉबिनचे पैसे फेडायला परत येत असताना एका पुलापाशी कुस्त्या चालल्या होत्या, तिथे तो अडकला. कोणता पूल ते सांगितलेले नाही. काहींनी सुचवले की मूळ पाठात ‘वेंटब्रिज’ होते. इंग्रजीतले ‘गेला’ या अर्थाचे क्रियापद आणि नदीचे नाव एकसारखे लिहिले जात असल्याने जुळाऱ्याने नाव फोडून क्रियापद केले. ही सूचना हुशार आहे. ‘रॉबिन हूड अँड द पॉटर’ या जुन्या काव्यात वेंटब्रिजचे नाव स्पष्ट आहे, म्हणून ती अशक्यही नाही. तरी मी ती स्वीकारत नाही. वाक्य आहे तसे शुद्ध आहे, अर्थ लागतो. ज्याचा अर्थ लागतो तो पाठ आपल्या सोयीसाठी बदलू नये. शिवाय कुस्तीला पश्चिम भागातले उत्तम जवान जमले होते असे लगेच म्हटले आहे. सरदार पश्चिमेकडूनच येत होता. पूल त्याच्या वाटेवर कुठेही असू शकतो.

‘नॉटिंगहॅम’. हे सर्वांत मोठे नाव, आणि सर्वांत अडचणीचे. बार्न्सडेलपासून नॉटिंगहॅम सुमारे पन्नास मैल. तिसऱ्या सर्गात लिटल जॉन शेरीफची चांदीची भांडी घेऊन पळतो, रॉबिनकडे येतो, मग रानात पाच मैल धावतो आणि शिकारीला निघालेला शेरीफ त्याला भेटतो. रॉबिनचा तळ बार्न्सडेलला असेल तर शेरीफ आपला परगणा सोडून यॉर्कशरमध्ये शिकार करीत होता असे म्हणावे लागेल. नॉटिंगहॅमच्या शेरीफकडे नॉटिंगहॅमशर आणि डर्बीशर हे दोन परगणे होते; यॉर्कशरला वेगळा शेरीफ होता. म्हणून हे जुळत नाही. जुळवू नये. याचा अर्थ इतकाच घ्यावा की बार्न्सडेलच्या कथा आणि नॉटिंगहॅमच्या कथा वेगळ्या होत्या आणि या काव्यात त्या एकत्र ओवल्या गेल्या. लक्षात ठेव, या सबंध काव्यात शेरवुडचे नाव येत नाही. ते ‘रॉबिन हूड अँड द मंक’मध्ये येते आणि तिथे नॉटिंगहॅमशी नीट बसते. म्हणजे दोन्ही भूगोल आपापल्या जागी खरे आहेत. खोटी पडते ती मधली वाट.

‘प्लंप्टन पार्क’. सातव्या सर्गात राजा लँकेशरमधून फिरत प्लंप्टन पार्कला येतो आणि तिथे पूर्वीसारखी हरणे नाहीत हे पाहून संतापतो. एक वाचन : यॉर्कशरमधले, नेअर्सबरोजवळचे प्लंप्टन. दुसरे : कंबरलंडमधल्या इंगलवुड या राजअरण्यातले. हरणे कमी झाल्याचा राजाला राग यावा हे राजअरण्याला अधिक शोभते. शिवाय १४२० च्या सुमाराला स्कॉटिश इतिवृत्तकार अँड्र्यू ऑफ विंटन याने रॉबिन आणि लिटल जॉन यांचे रान म्हणून इंगलवुड आणि बार्न्सडेल ही दोन नावे जोडीने दिली आहेत. म्हणून माझा कल दुसऱ्या वाचनाकडे आहे, पण पहिले टाकून देण्याइतका नाही.

राजाचे नाव काव्यात एडवर्ड आहे, कितवा ते सांगितलेले नाही. दुसरा एडवर्ड १३२३ मध्ये उत्तरेत फिरून लँकेशरमार्गे नॉटिंगहॅमला आला होता, आणि त्याच्या पदरी रॉबिन होड नावाचा नोकर होता, हे हंटरने दाखवले. केवढा आनंद झाला असेल त्याला! पण पुढे अंधुक झालेली एक नोंद अतिनील प्रकाशात वाचली गेली. राजा नॉटिंगहॅमला पोचण्याआधीच तो नोकर चाकरीत होता असे निघाले. इथून हे शीक : सेलिसची ओळख टिकली म्हणून त्याच माणसाने केलेली रॉबिनची ओळख टिकेल असे नाही. जागा सापडणे ही एक गोष्ट, माणूस सापडणे दुसरी. दोघांना वेगवेगळा पुरावा लागतो.

‘मॅग्डालेनचे देऊळ’. शेवटच्या सर्गात रॉबिन राजाला सांगतो की बार्न्सडेलमध्ये मी मेरी मॅग्डालेनच्या नावाने एक लहान प्रार्थनामंदिर बांधले आहे, तिथे जायचे आहे. जवळच्या कॅम्सल गावातले चर्च याच संतिणीच्या नावाचे आहे, म्हणून तेच हे, असे सांगतात. पण ते बाराव्या शतकातले नॉर्मन बांधणीचे आणि गावाचे मुख्य चर्च आहे. लहान मंदिर नव्हे, आणि कोणा एडवर्डच्या काळातल्या वाटमाऱ्याने बांधलेले तर नव्हेच. एवढे मात्र मान्य करावे की त्या टापूत या संतिणीचे नाव पूजेत होते, आणि कवीने नाव निवडले ते तिथले.

‘कर्कस्ली’. रॉबिन बावीस वर्षे रानात काढून मग या मठात जातो. तिथली मठप्रमुख त्याच्या नात्यातली. ती आणि डॉनकास्टरचा सर रॉजर मिळून त्याचा घात करतात. मठ म्हणजे वेस्ट यॉर्कशरमधले कर्कलीज, ब्रिगहाउसजवळचे जोगिणींचे मठघर, १५३९ मध्ये बंद झालेले. बार्न्सडेलहून ते पश्चिमेला वीसेक मैल. आजारी माणसाला नातलगाकडे जाण्याजोगे अंतर. रिचर्ड ग्राफ्टनने १५६९ च्या इतिवृत्तात हे नाव ‘बर्कलीज’ असे दिले आहे. आद्य अक्षराचा हा फरक अर्थ बदलत नाही. तिथे रक्त काढवून घेताना रॉबिन मेला हा तपशील दोन्हीकडे सारखाच आहे.

मृत्यूच्या जागेविषयी म्हणून शंका ठेवण्याचे कारण नाही. थडग्याविषयी आहे. ग्राफ्टन सांगतो की मठप्रमुखाने त्याला रस्त्याकाठी पुरले आणि वर दगड ठेवला. १६६५ मध्ये नथानिएल जॉन्स्टनने कर्कलीजच्या क्रूस कोरलेल्या शिळेचे चित्र काढले. मरताना रॉबिनने बाण सोडला आणि तो पडला तिथे त्याला पुरले, हा भाग त्याहून नंतरच्या गीतांतला आहे. आपल्या ग्रंथात यांतले काहीच नाही. तो रॉबिनच्या आत्म्यासाठी प्रार्थना करून संपतो. कुठे पुरले ते सांगत नाही. म्हणून तुझ्या नकाशावर कर्कलीजचा मठ शाईने लिही, सेल्स आणि वेंटब्रिज शाईने लिही, वायर्सडेल आणि प्लंप्टन पेन्सिलने लिही. थडगे या ग्रंथाच्या नकाशावर काढू नकोस.